कठडा गेला, धुकं राहिलं: चाळीच्या पॉइंट क्लाउडमधला नॉइज

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या एका तीनमजली लाकडी चाळीचं, ती पाडली जाण्याआधी, मोजमापासह दस्तऐवजीकरण चालू आहे. जुलैत पावसाने उघडीप दिली तेव्हा तिपाईवरच्या लेझर स्कॅनरने अंगण, जिने आणि गॅलऱ्या स्कॅन केल्या. सगळी स्टेशनं, म्हणजे तिपाईच्या प्रत्येक जागेवरून घेतलेली स्कॅन, जोडून एक पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा ढग) केला आणि क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज, म्हणजे खोटे बिंदू, काढणारा एसओआर फिल्टर चालवला. त्यात गॅलरीचे लाकडी कठडे विरळ झाले, विजेच्या तारा नाहीशा झाल्या, आणि कठड्यामागे तरंगणारं धुकं मात्र जसंच्या तसं राहिलं. आता कोणता फिल्टर लावावा आणि आकडे काय ठेवावेत?

आकडे शेवटी सांगतो. आधी हे सांगतो की तुमच्या फिल्टरने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याला जे काम नेमून दिलंय तेच त्याने केलं. फक्त तुमच्या चाळीतला नॉइज त्या कामात बसणारा नाही.

एसओआर म्हणजे सांख्यिकी गाळणी. प्रत्येक बिंदूचे सगळ्यात जवळचे काही शेजारी घ्यायचे, त्यांच्यापर्यंतचं सरासरी अंतर काढायचं, मग संपूर्ण क्लाउडसाठी त्या अंतरांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं. ज्या बिंदूचं अंतर सरासरी अधिक विचलनाच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त, तो बाहेर. यात गृहीत धरलेलं असतं की खरा बिंदू गर्दीत असतो आणि खोटा बिंदू एकटा. सपाट भिंतीसाठी हे चालतं. कठड्याच्या दांडीवर काय होतं ते बघा. भिंतीवर बिंदूंची जाळी चौकोनी आहे आणि दोन बिंदूंमध्ये एक एकक अंतर आहे असं धरू. सहा शेजारी घेतले तर चार एक एककावर आणि दोन कर्णावर, म्हणजे १.४ एककांवर. सरासरी साधारण १.१४. आता तीच जाळी एका तारेवर पडली, तर शेजारी फक्त वर आणि खाली: दोन १ वर, दोन २ वर, दोन ३ वर. सरासरी २. म्हणजे तार अगदी स्वच्छ स्कॅन झाली असली तरी तिचे बिंदू भिंतीच्या बिंदूंपेक्षा पावणेदोन पट ‘एकटे’ दिसतात. बारीक दांड्या, तारा, खिडकीचे गज, लोखंडी जाळ्या या सगळ्यांवर एसओआरचा हात आधी पडतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट घनतेची. स्कॅनर कोनाच्या समान अंतराने किरण सोडतो, त्यामुळे पृष्ठभागावर येणारी बिंदूंची संख्या अंतराच्या वर्गाने घटते. १० मीटरवर दोन बिंदूंमध्ये ६ मिलिमीटर असतील तर ४० मीटरवर २४. एसओआरचा उंबरठा मात्र सगळ्या क्लाउडला एकच. अंगणात मधोमध लावलेल्या स्टेशनजवळच्या दाट फरशीने सरासरी खाली ओढली, की तिसऱ्या मजल्याचं वळचण आणि कौलांची कड आपोआप ‘नॉइज’ ठरते.

आता धुक्याकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. लेझरचा किरण म्हणजे रेघ नव्हे, त्याला जाडी असते. कठड्याची दांडी तीन सेंटिमीटरची आणि किरणाचा ठिपका सहा-सात मिलिमीटरचा असेल, तर दांडीच्या दोन्ही कडांना ठिपक्याचा अर्धा भाग दांडीवर पडतो आणि अर्धा मागच्या भिंतीवर. दोन्हीकडून परतलेला प्रकाश स्कॅनरमध्ये एकत्र येतो आणि तो एकच अंतर नोंदवतो, जे दांडीचंही नसतं आणि भिंतीचंही नसतं. फेज पद्धतीच्या स्कॅनरमध्ये हा बिंदू दोन्हींच्या मध्ये कुठेही पडतो, कधी त्यांच्या पुढे-मागेही. पल्स पद्धतीच्या स्कॅनरमध्ये दोन पृष्ठभागांतलं अंतर पुरेसं असेल तर दोन वेगळे प्रतिध्वनी ओळखता येतात. प्रकाशाला जाऊन-येऊन १ नॅनोसेकंद लागला तर अंतर १५ सेंटिमीटर होतं, म्हणून काही नॅनोसेकंद लांबीच्या पल्सला हातभर अंतरावरच्या दोन वस्तू एकच वाटतात. आमच्याकडे अशा बिंदूंना शेपट्या म्हणतात. कारण स्कॅनरच्या जागेवरून पाहिलं तर त्या दिसतच नाहीत, आणि बाजूने पाहिलं की प्रत्येक दांडीच्या मागे एकेक शेपूट लोंबताना दिसते.

या शेपट्या एकट्या नसतात. दांडीची कड वरपासून खालपर्यंत सलग असते, म्हणून शेपटीचाही एक पातळ पडदा तयार होतो आणि त्यातल्या प्रत्येक बिंदूला भरपूर शेजारी असतात. एसओआरच्या नजरेत तो पडदा तारेपेक्षा जास्त ‘खरा’. विचलनाची पट कमी करून तुम्ही पडदा काढायला गेलात तर त्याआधी कठडा संपेल.

शेपटी ओळखायची खूण तिच्या दिशेत असते. ती नेहमी किरणाच्या रेषेत पसरते. म्हणून स्कॅनच्या ओळीत लागून असलेले दोन बिंदू जोडणारी रेषा आणि स्कॅनरमधून आलेला किरण, यांच्यातला कोन तपासायचा. कोन फार लहान, म्हणजे पृष्ठभाग किरणाला जवळपास समांतर, तर तो बिंदू संशयास्पद. बहुतेक स्कॅनरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा कडांचा फिल्टर असतो आणि स्टेशन आयात करतानाच तो चालवायचा असतो. तुमच्याकडे तो चालवायची संधी गेली, कारण सगळी स्टेशनं जोडून नुसते एक्स, वाय, झेड निर्यात केले की कोणता बिंदू कुठून पाहिला गेला आणि ओळीत त्याचा शेजारी कोण, ही माहिती पुसली जाते. ज्यांनी स्कॅन केलं त्यांच्याकडून प्रत्येक स्टेशन वेगळं, ई५७ किंवा पीटीएक्स स्वरूपात, ओळी-स्तंभांच्या रचनेसकट मागून घ्या. ते द्यायला कुरकुर करतील, फाइली मोठ्या असतात. तरी घ्या. त्याशिवाय पुढचं अर्धं काम हाताने करावं लागेल.

कोनाच्या फिल्टरला एक खोड आहे आणि चाळीत ती हमखास बाहेर येते. लांबच लांब गॅलरीच्या एका टोकाला तिपाई लावली, स्कॅनर दीड मीटर उंचीवर. दहा मीटर पुढच्या फरशीला किरण साडेआठ अंशांनी भिडतो. तुम्ही उंबरठा १० अंश ठेवलात तर साडेआठ मीटरच्या पुढची अख्खी खरीखुरी फरशी शेपटी म्हणून जाते. उपाय दोन: फरशीचं प्रतल आधी रॅन्सॅकने (विखुरलेल्या बिंदूंतून प्रतल शोधणारी पद्धत) शोधून ते बिंदू बाजूला राखून ठेवायचे, किंवा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनने ती फरशी नीट पाहिली असेल तर पहिल्या स्टेशनची खुशाल जाऊ द्यायची. मी दुसरं करतो. तिरप्या किरणाने पाहिलेला पृष्ठभाग तसाही कमी भरवशाचा असतो.

माणसं, मांजरं, जिन्यावरून चढणारा पाववाला, अंगणात दप्तर टाकून खेळणारी मुलं, यांचे अर्धे-मुर्धे आकार वेगळ्याच पद्धतीने काढायचे. एका स्टेशनला जिन्यात माणूस दिसला, पण दुसऱ्या स्टेशनचा किरण नेमका त्या जागेतून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर आदळला, तर ती जागा त्या वेळी रिकामी होती. म्हणजे माणूस फिरता होता. अवकाशाचे लहान-लहान घन करून प्रत्येक घनाचा ‘भरलेला की रिकामा’ हिशेब ठेवायचा. ऑक्टोमॅपसारख्या लायब्ररी हेच करतात. यालाही प्रत्येक स्टेशनची जागा माहीत असावी लागते, पुन्हा तेच. वाळत घातलेल्या साड्यांना मात्र ही युक्ती लागू पडेलच असं नाही. वाऱ्याने साडी हलते आणि तिचे तीन-चार थर एकमेकांवर चढतात. प्रत्येक थर त्या क्षणी खरा होता. त्या हातानेच कुंपण घालून वेगळ्या काढा आणि वेगळ्या थरात ठेवा. चाळीच्या दस्तऐवजात गॅलरीतली दोरी आणि तिच्यावरची धुणी नॉइज आहे की ऐवज, हे तुमच्या कामाच्या मालकाला विचारून ठरवा.

जुलैत स्कॅन केलंय म्हणून पावसाबद्दलही बोललं पाहिजे. पडणारे थेंब स्कॅनरपासून पहिल्या काही मीटरांतच जास्त दिसतात, कारण तिथे किरण बारीक असतो आणि एकाच थेंबाने त्याचा मोठा हिस्सा अडतो. हे बिंदू खरोखर एकटे आणि मंद परावर्तनाचे असतात. इथे एसओआर किंवा त्रिज्येचा फिल्टर (ठरावीक त्रिज्येत पुरेसे शेजारी नसलेला बिंदू काढणारा) मनापासून वापरा, सोबत परावर्तनाची तीव्रता लावलीत तर आणखी चांगलं. ओली भिंत ही त्याहून नकोशी गोष्ट. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर पाणी बऱ्यापैकी शोषून घेतं, ९०५ च्या आसपासचा कमी. काळा बेसाल्ट आणि डांबर लावलेलं लाकूड भिजलं की परत येणारा प्रकाश इतका घटतो की अंतराची मोजणी थरथरते आणि पृष्ठभाग जाड दिसतो. तिथे फिल्टर लावण्याऐवजी तोच भाग जवळच्या स्टेशनवरून आला आहे का ते शोधा.

अंगणात पाणी साचलं असेल तर फरशीच्या खाली चाळ उलटी उभी दिसेल. ती पाण्यातली प्रतिमा. खिडकीची तावदानं, कपाटाचे आरसे आणि घासून गुळगुळीत झालेल्या मोझॅक टाइल्स हाच उद्योग करतात: काचेच्या मागे अशी एक खोली उभी राहते जी तिथे नाहीच, ती समोरच्या गॅलरीची प्रतिमा असते. हे भूत इतकं सुबक असतं की घनतेवर किंवा खडबडीतपणावर चालणारा कुठलाही फिल्टर त्याला हात लावत नाही. फरशीच्या प्रतलाखालचं सरसकट कापा. काचेसाठी तावदानाचं प्रतल बसवा आणि त्या चौकटीतून पलीकडे गेलेले त्या स्टेशनचे बिंदू बाजूला काढून तपासा. पुढच्या वेळी स्कॅन करताना आरशांवर वर्तमानपत्र चिकटवा, एवढं पुरतं. आणि वातानुकूलित गाडीतून काढलेला स्कॅनर लगेच सुरू करू नका. मुंबईच्या दमट हवेत काचेवर बाष्प धरतं आणि सगळं स्कॅन दुधाळ येतं. अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

यापुढची गोष्ट लोक नॉइज समजून हमखास गाळायला जातात. भिंतीचा आडवा काप घेऊन बघा. बिंदूंचा एक जाड पट्टा दिसतो, की मध्ये फट असलेल्या दोन बारीक रेघा? दोन रेघा दिसल्या तर स्टेशनं नीट जुळलेली नाहीत आणि काम जोडणीत आहे. त्यावर गुळगुळीत करणारा फिल्टर चालवलात तर दोन्ही रेघांच्या मधोमध तिसरीच भिंत तयार होईल, देखणी आणि चुकीची. क्लाउडला स्टेशननुसार वेगवेगळे रंग द्या, हा दोष चटकन उघडा पडतो. लाकडी गॅलरीत तर एका स्टेशनच्या आतही असं होतं. स्कॅनर अर्धा गोल फिरतो आणि पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू पाहून पूर्ण गोल भरतो. तेवढ्यात कोणी शेजारून चालत गेलं आणि तक्तपोशी लवली, तर सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटत नाहीत. कुठल्याही फिल्टरने ते सुधारत नाही. तिपाई भिंतीलगत, तुळईच्या टोकाशी लावून स्कॅन पुन्हा घ्यायचं.

आणि एक चकवा. कंट्रोल पॉइंट (जागेवरचे मोजलेले संदर्भबिंदू) यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात घेतले असतील तर मुंबईचे उत्तरेकडचे निर्देशांक २० लाख मीटरच्या घरात जातात. ३२ बिटच्या फ्लोट आकड्याला एवढ्या मोठ्या संख्येत बारीक फरक ठेवायला जागाच उरत नाही: दक्षिण मुंबईच्या टोकाला दोन लगतच्या किमतींमध्ये साडेबारा सेंटिमीटर, आणि उपनगरांत गेलात की पंचवीस. क्लाउड जिन्याच्या पायऱ्यांसारखा थराथरांत दिसतो आणि माणूस दिवसभर फिल्टर बदलत बसतो. क्लाउडकम्पेअर फाइल उघडताना ग्लोबल शिफ्टबद्दल, म्हणजे निर्देशांकातून मोठी रक्कम वजा करण्याबद्दल, विचारतं ते याचसाठी. तिथे ‘नाही’ दाबू नका. पीसीएल ही प्रोग्रामिंग लायब्ररी वापरत असाल तर ती रक्कम स्वतः वजा करा आणि ती कुठेतरी लिहून ठेवा.

हे सगळं झाल्यावर जो उरतो तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा, म्हणजे अंतराच्या मोजणीतली खरी थरथर. गुळगुळीत करण्याआधी ती मोजा. गिलाव्याच्या सपाट भिंतीवर हातभर चौकोन निवडा, प्रतल बसवा, बिंदू त्यापासून किती हलतात ते बघा. समजा २ मिलिमीटर आले. तुमचं रेखाचित्र १:५० चं असेल तर कागदावरची ०.२ मिलिमीटरची रेघ जमिनीवर १० मिलिमीटर व्यापते. मग गुळगुळीत करून काय मिळवणार? नक्षीकामाचे तपशील १:५ वर काढायचे असतील तर हीच रेघ १ मिलिमीटरची होते आणि तेव्हा विचार करायला हरकत नाही. मूव्हिंग लीस्ट स्क्वेअर्स (आसपासच्या बिंदूंवर गुळगुळीत पृष्ठभाग बसवणारा फिल्टर) सगळीकडे मिळतो, पण त्याची त्रिज्या कोरीवकामाच्या सगळ्यात बारीक गोलाईपेक्षा मोठी झाली की कंगोरे वितळतात. दिशा सांभाळणारा बायलॅटरल फिल्टर कंगोरे जास्त राखतो, पण त्याला आधी नॉर्मल, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशा, चांगले लागतात आणि खडबडीत क्लाउडवर नॉर्मलच डळमळीत असतात. न्यूरल नेटवर्कवाल्या पद्धतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. पॉइंटक्लीननेट आणि त्यानंतरच्या बऱ्याच पद्धती स्वच्छ मॉडेलवर कृत्रिम नॉइज टाकून शिकवलेल्या असतात. खऱ्या स्कॅनरची थरथर किरणाच्या दिशेत असते, सगळ्या दिशांना सारखी नसते. खेळासाठी किंवा चित्रपटासाठी मॉडेल करायचं असेल तर जरूर वापरा. पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या नोंदीत मी त्या वापरत नाही, कारण तिथे नंतर जाऊन पडताळता येणार नसतं.

आता आकडे. सुरुवातीला क्लाउड इमारतीच्या चौकटीत कापून घ्या. आकाशात तीनशे मीटरवर पडलेले चार भरकटलेले बिंदूसुद्धा प्रमाण विचलन फुगवतात आणि मग उंबरठ्याला अर्थ उरत नाही. एसओआर प्रत्येक स्टेशनवर वेगळा, आणि शक्य असेल तर अंतराच्या पट्ट्यांत चालवा: ० ते १० मीटर, १० ते २५, त्यापुढे. क्लाउडकम्पेअरमध्ये शेजारी ६ आणि पट १ अशी सुरुवात दिलेली असते. एवढ्या कमी पटीत खरे बिंदू फार जातात. मी बारीक लाकूडकामासाठी शेजारी २० ते ३० आणि पट २.५ ते ३ च्या आसपास ठेवतो. शेजारी वाढवण्याचं कारण असं की कबुतराचा किंवा धुराचा दहा-पंधरा बिंदूंचा पुंजका असेल तर सहा शेजाऱ्यांत तो स्वतःतच सुखी असतो. त्याहून मोठे पुंजके सुटले तर कनेक्टेड कम्पोनंट, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या बिंदूंचे गट, काढून लहान बेटं टाकून द्या. फिल्टर एकदाच चालवा. दर वेळी सरासरी नव्याने बनते, त्यामुळे तो दर वेळी काही ना काही शोधून काढतोच आणि कडा कुरतडत जातो. त्रिज्येचा फिल्टर मला जास्त आवडतो, कारण त्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि त्यावर वाद घालता येतो: त्या पट्ट्यातल्या अपेक्षित अंतराच्या तिप्पट त्रिज्या, किमान तीन-चार शेजारी. तार यातून वाचते, थेंब वाचत नाही.

फिल्टर झाल्यावर राहिलेला क्लाउड बघू नका, तो नेहमीच छान दिसतो. काढलेले बिंदू वेगळे उघडून बघा. तांदूळ निवडणारी बाई टाकलेल्या खड्यांवरून एकदा हात फिरवते, तसं. त्यात कठड्याच्या दांड्यांचा आकार ओळखू येत असेल तर आकडे कडक झाले. नुसता विस्कळीत भुसा दिसला तर ठीक. ओपनथ्रीडी या लायब्ररीमध्ये फिल्टर राखलेल्या बिंदूंचे क्रमांक परत देतो, ते उलटे निवडले की काढलेले हाती येतात. आणि काहीही कायमचं पुसू नका. एलएएस १.४ या फाइल स्वरूपात खालच्या नॉइजसाठी वर्ग ७ आणि वरच्यासाठी वर्ग १८ राखून ठेवलेले आहेत. पीडीएएल या सॉफ्टवेअरचा आउटलायर फिल्टरही बिंदू पुसत नाही, त्यांना ७ चा शिक्का मारतो. तुम्हीही तेच करा. सहा महिन्यांनी कोणीतरी विजेच्या जुन्या तारांचा मार्ग विचारेल.

तुमचा क्लाउड कोट्यवधी बिंदूंचा असणार आणि लॅपटॉपला एका दमात झेपणार नाही, म्हणून तुकडे करावे लागतील. दहा-दहा मीटरचे तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी अर्ध्या मीटरची झालर जोडून फिल्टर चालवा आणि निकालातून झालर कापून टाका. नाहीतर तुकड्याच्या सीमेवरच्या बिंदूंना अर्धेच शेजारी मिळतात आणि संपूर्ण चाळीवर दर दहा मीटरला एक विरळ रेघ उमटते.